घासणारे अण्णा

अण्णांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, पॉलिश पेपर असतो. पुण्यातल्या टेकडीवर गिरिपुष्पाच्या गर्दीत आपली गावरान झुडपं परत आणायची, असं त्यांनी निवृत्त होताच ठरवलं आणि आरंभ केला मुरुडशेंगेपासून. बाळगुटीत उगाळतात ती, पीळदार. शेंग सगळ्यांना ठाऊक. आतलं बी किती हट्टी असतं ते अण्णांच्या घरच्यांना विचारा. एवढंसं बी, पण कवच असं की पाणी आत शिरतच नाही, आणि पाण्यावाचून अंकुर कसला!

म्हणून अण्णा दोन कागदांमध्ये बिया धरून घासतात. वरच्या काळसर कवचाखाली फिकट रंग दिसला की थांबायचं, नाहीतर आतला गर्भच जायचा. हे काम भिंग लावून, जीभ किंचित बाहेर काढून चालतं. उरलेल्या बियांवर कढत पाणी ओतून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी फुगलेल्या तेवढ्या पेरायच्या. त्यात घरची किटली कामी आली. गंधकाम्लाने काम आणखी चोख होतं, हे अण्णांनी एकदा जेवताना सांगितलं. ‘ॲसिड घरात आलं तर मी माहेरी,’ असं वहिनींनी आमटी वाढता वाढता सांगितलं.

पण घासण्याचा सिद्धान्त अण्णांनी बियांपुरता ठेवला असता तर ते अण्णा कसले? नातू सकाळी उठत नाही? ‘कवच जाड आहे,’ म्हणत पांघरूण ओढलं जातं. टाकी गळतेय म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींना रोज एक पत्र. ‘एका घासण्यात कोण उगवतं हो?’ सेक्रेटरी अजून उगवलेले नाहीत.

करवंदाने मात्र अण्णांना धूळ चारली. मे महिन्यात बिया धुतल्या, खडखडीत वाळवल्या, बाटल्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवल्या. पाऊस पडल्यावर घासल्या, कढत पाण्यात घातल्या. एक फुटेल तर शपथ! करवंदाच्या बीला वाळवणंच सोसत नाही. फळातून निघालं की ओलं असतानाच मातीत जावं लागतं. हे वाचूनही अण्णांना पटेना. ज्याला घासायची गरज नाही असं बी त्यांना थोडं अपमानास्पदच वाटलं.

जुलैत वहिनींनी गॅलरीतली कुंडी दाखवली. रोपांनी गच्च भरलेली.

‘अगं, बिया एकूण किती टाकल्यास?’ अण्णा वही उघडून बसले.

‘करवंदं खाताना मोजून कोण थुंकतं?’

अण्णांनी कुंडीला चिठ्ठी चिकटवली : ‘पद्धत – थुंकणे. टक्केवारी – अनिश्चित. प्रयोग पुढच्या मे महिन्यात पुन्हा.’