नकटोबांची चाकरी : नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी प्राथमिक धडे

अभिनंदन. आपली नेमणूक पक्की झाली आहे. पगार नाही, किरकोळ रजा नाही, बदलीची सोय नाही. कामाची वेळ पहाटे साडेपाच ते पुढची पहाट साडेपाच. साहेबांची उंची फूटभर, वजन दहा-बारा किलो, नाक जवळजवळ नाहीच. ऑफिस म्हणजे तुमचाच सोफा.

आमच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये असे दोन साहेब आहेत, बटाट्या आणि ठमी. दोघेही फ्रेंच बुलडॉग. त्यांच्या हाताखाली राहून जे ज्ञान पदरी पडलं, ते नवशिक्यांच्या उपयोगासाठी इथे मांडतो आहे.

आधी साहेबांचं घराणं पाठ करावं. नाव फ्रेंच असलं तरी मूळ विलायती. एकोणिसाव्या शतकात धंदा बसल्यावर नॉटिंगहॅमचे लेस विणणारे कारागीर समुद्र ओलांडून नॉर्मंडीत गेले आणि जाताना आपले छोटे बुलडॉग बरोबर घेऊन गेले. तिथून ही मंडळी पॅरिसला पोचली आणि कॅफेवाल्यांच्या, कलावंतांच्या मांडीवर चढून बसली. तुलूज-लोत्रेक या चित्रकाराने 1897 साली एका कॅफेच्या मालकिणीच्या ‘बुबूल’ नावाच्या बुलडॉगचं चित्र काढलं. त्याच वर्षी अमेरिकेत या जातीचा क्लब निघाला, तोही भांडणातून. कान दुमडलेले हवेत की उभे, हा वाद होता. अमेरिकन मालकांना वटवाघळी उभे कान हवे होते आणि ते जिंकले. म्हणजे मूळ इंग्रजी, वळण फ्रेंच, कान अमेरिकन. 2022 च्या अमेरिकन केनेल क्लबच्या यादीत तर यांनी लॅब्रॉडॉरला 31 वर्षांच्या गादीवरून खाली ओढलं.

एवढा अभ्यास करून रस्त्यावर उतरलात की तुम्हाला एकच प्रश्न विचारला जाईल : “व्होडाफोनचं ना हे?”

2003 साली हचच्या जाहिरातीत एका मुलाच्या मागे मागे पग फिरला. हचचं पुढे व्होडाफोन झालं, आणि तेव्हापासून आपल्याकडे जो जो नकटा तो तो त्या कंपनीचा. नवीन कर्मचारी थांबून समजावतो की काका, पगचे कान पडलेले असतात, शेपूट वळलेलं असतं. याचे कान बघा, शेपूट तर नावालाच आहे. जुना कर्मचारी “हो” म्हणतो आणि चालू लागतो. लिफ्टमधल्या आजींचा प्रश्न वेगळा असतो : “अगं बाई, डुक्कर पाळलंत?” आजींवर रागावू नये. ठमीकडे मागून पाहिलं तर त्यांचं म्हणणं खोडून काढणं अवघड आहे.

साहित्य : एक हार्नेस (गळपट्टा नको, श्वासनलिकेवर ओढ बसते), एक एसी, आणि त्याचं बिल न बघता भरणारा घरातला एक सदस्य, गुळगुळीत फरशीवर पसरायला सतरंज्या, कारण घसरून यांच्या पाठीचे मणके दुखावतात, सोफ्यावर चढायला उतरती फळी, कारण तेच, सुती फडकी भरपूर, एक थर्मामीटर, ज्यावर कायमच्या शाईने ‘कुत्र्यांसाठी’ असं लिहावं. हे शेवटचं विसरू नये. थर्मामीटर कुठे लावतात हे पाहुण्यांना ठाऊक नसतं.

आता फिरायला नेणे. इथे ‘नेणे’ फक्त सोसायटीच्या फाटकापर्यंत लागू आहे. तिथून पुढे बटाट्याचं मत चालतं. वळणावर त्याला वाटलं की आजचं पुरे झालं, तर तो चारी पाय चार दिशांना पसरून रस्त्यावर पोट टेकतो आणि समोरच्या किराणा दुकानाच्या पाटीकडे बघत राहतो. ओढू नये. बोलावू नये. बिस्किट दाखवू नये, दाखवलं तर उद्यापासून प्रत्येक वळणाचा दर तोच. आपण उभं राहून मोबाइल काढावा आणि फार महत्त्वाचं काही वाचत असल्याचा चेहरा करावा. शेवटी उचलून आणावं लागतंच. पण लगेच उचललं तर लोक हसतात आणि थोडं थांबून उचललं तर प्रेमळ म्हणतात.

घरात आल्यावर पुसापुशी. तोंडावरच्या घड्या रोज ओल्या फडक्याने पुसाव्यात आणि मग कोरड्या करायला विसरू नये, कारण ओल राहिली तर बुरशी धरते. पावसाळ्यात हे काम दुप्पट. बहुतेकांना माहीत नसलेला एक खळगा शेपटीखाली असतो. तोही पुसायचा असतो. हा मजकूर आम्ही नेमणुकीच्या जाहिरातीत छापत नाही.

स्वयंपाकघराचा धडा मराठी घरात जरा जड जातो. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, द्राक्षं आणि बेदाणे मूत्रपिंड निकामी करू शकतात, चॉकलेटही विषच. म्हणजे पोहे बाद, मिसळ बाद, आमटी बाद, प्रसादाचा शिरा बाद. सासूबाईंना हे सांगून बघावं. “एका बेदाण्याने काय होतंय, आमच्या वाड्यातला मोती सगळं खायचा” असं उत्तर येईल. वाड्यातल्या मोतीचा दाखला दिला जाताच वाद थांबवावा आणि ताट उचलावं. उन्हाळ्यात आंब्याच्या कोयीवर विशेष पहारा ठेवावा. ती आतड्यात अडकली की पोट फाडूनच काढावी लागते.

खाताना साहेब हवा गिळतात. आखूड तोंडामुळे अन्नाबरोबर बरीच आत जाते आणि भौतिकशास्त्राच्या नियमाप्रमाणे दुसरीकडून बाहेर येते. घरात पाहुणे असतील तर पंखा आधीच पाचवर ठेवावा. घटना घडल्यावर साहेब स्वतःच दचकून मागे वळून बघतात, तेव्हा संशयाला जागा उरत नाही. तरीही “ठमी!” असं मोठ्याने म्हणून नोंद करून ठेवावी. न म्हटल्यास पाहुणे मनातल्या मनात यजमानाचं नाव घेतात. खाचा असलेलं ताट मिळतं, त्यात खाणं सावकाश होतं आणि प्रमाण कमी होतं. शून्य होत नाही.

प्रशिक्षण : हा धडा गाळला आहे. साहेबांना सगळं समजतं. पटत नाही.

यापुढचा धडा मात्र हसत वाचू नका.

फ्रेंच बुलडॉग घोरतो, फुरफुरतो, झोपेत डुरकतो. नव्या मालकाला याचं फार कौतुक असतं. तो व्हिडिओ काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतो आणि खाली सगळे हसरे चेहरे येतात. आवाज येतो त्याचं कारण असं : माणसाने या कुत्र्याचं तोंड पिढ्यान् पिढ्या आखूड करत नेलं, कवटी लहान झाली, पण आतलं मांस तेवढंच राहिलं. टाळूचा मऊ भाग लांब पडून घशात लोंबतो, नाकपुड्या चिरेएवढ्या उरतात. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. यांचं नाक जन्मतःच दाबलेलं असतं. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो शरीर थंड करतो. आणि धाप टाकायची वाटच अरुंद असेल तर धापेच्या श्रमानेच तो आणखी तापतो. मे महिन्यात दुपारी चार वाजता “जरा खाली फिरवून आणतो” म्हणणारा माणूस असा कुत्रा संध्याकाळपर्यंत गमावू शकतो.

म्हणून उन्हाळ्यात फिरणं पहाटे किंवा रात्री. डांबरी रस्त्यावर आपल्या हाताची पालथी बाजू टेकवावी. सात सेकंद ठेववली नाही तर घरी परत. मुंबई-कोकणात ऊन नसतानाही दमट हवेत तेवढाच धोका आहे. बंद गाडीत तर ‘दोन मिनिटं’सुद्धा नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट. धाप थांबत नसेल, लाळ दाट झाली असेल, जीभ जांभळट दिसत असेल, पाय लटपटत असतील, तर व्हेटला फोन लावता लावताच अंगावर गार पाणी ओतायला सुरुवात करावी, पंखा लावावा आणि मग गाडी काढावी. आधी थंड करणं, नंतर नेणं. पोहायला सोडून थंड करू असं कुणाच्या मनात येऊ नये. डोकं जड आणि पाय आखूड असल्याने हा कुत्रा पाण्यात दगडासारखा जातो.

घोरणं किती चालण्यासारखं आणि किती नाही, याची परीक्षाही आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी ती बसवली आणि ब्रिटिश केनेल क्लबने 2019 पासून राबवली. कुत्र्याला तीन मिनिटं दुडक्या चालीने पळवायचं, आधी आणि नंतर स्टेथोस्कोपने ऐकायचं, आणि 0 ते 3 श्रेणी द्यायची. तुमच्या व्हेटला ‘श्वासाची तपासणी करा’ असं स्पष्ट सांगा. गरज पडल्यास नाकपुड्या रुंद करायची आणि टाळू कमी करायची शस्त्रक्रिया होते. आमच्या ठमीची झाली. आता ती कमी घोरते आणि जास्त पळते. ती उड्या मारू लागली तेव्हा आळशी म्हणून जिची ओळख होती तिला मुळात दमच पुरत नव्हता, हे घरात सगळ्यांच्या ध्यानात आलं.

सोसायटीचा विषय थोडक्यात. प्राणी पाळायला किंवा त्यांना लिफ्टमधून न्यायला सोसायटी बंदी घालू शकत नाही, असं केंद्रीय पशुकल्याण मंडळाने 2015 साली मार्गदर्शक सूचनांत सांगितलं आहे. त्याची प्रत खिशात ठेवावी. मार्च 2024 मध्ये केंद्राने 23 ‘हिंस्र’ जातींवर बंदी घालायला सांगणारं परिपत्रक काढलं, त्यात अमेरिकन बुलडॉग होता. फ्रेंच नव्हता. पण सेक्रेटरींनी ‘बुलडॉग’ एवढंच वाचलं असेल, तर त्यांना घरी चहाला बोलवावं आणि बटाट्याला समोर ठेवावं. तो त्यांच्या चपलेवर डोकं टेकवून झोपतो, प्रकरण मिटतं. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक पुढे रद्द केलं, हे चहा संपल्यावर सांगावं. विमानप्रवासाचं म्हणाल, तर नकट्या जातींना सामानाच्या कप्प्यातून न्यायला बऱ्याच कंपन्या नकार देतात, आणि तो नकार रास्त आहे. सुट्टीला कोकणात जा, गाडीने, रात्री.

शेवटचा धडा खरं तर पहिला असायला हवा होता, पण पहिल्या पानावर तो छापला तर पुढची पानं कुणी वाचत नाही. पिल्लू कुठून येतं?

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, ही म्हण इथे जशीच्या तशी लागू पडते. कंबर अरुंद आणि श्वास तोकडा असल्याने या कुत्र्यांचं नैसर्गिक मीलन जमणं कठीण, म्हणून बरेचदा कृत्रिम रेतन. पिल्लांची डोकी मोठी, म्हणून बहुतेक बाळंतपणं सिझेरियन. एवढ्या खर्चातून आलेलं पिल्लू लाखाच्या घरात विकलं जातं, आणि ‘दुर्मिळ’ निळा किंवा ठिपक्याठिपक्यांचा मर्ल रंग म्हणून वर आणखी लाखभर मागितले जातात. मर्ल हा रंग या जातीचा मुळी नाहीच, तो दुसऱ्या जातीच्या संकरातून आणलेला. त्यात डोळ्यांचे, कानांचे दोष येऊ शकतात. निळ्या रंगात केस गळण्याचा त्वचाविकार आढळतो. दुर्मिळतेचे पैसे तुम्ही देता आणि दुखणं कुत्रा भोगतो.

2017 च्या केंद्रीय नियमांनुसार ब्रीडरची नोंदणी राज्य पशुकल्याण मंडळाकडे असायला हवी, आणि 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. नोंदणी मागा. पिल्लाची आई बघायला मागा, आणि नुसती बघू नका, तिला अंगणात दोन फेऱ्या पळवा. तिच्या श्वासाचा आवाज तुम्हाला दहा पावलांवरून ऐकू आला, तर बयाणा खिशात ठेवून परत फिरा. ‘आई गावाला आहे’ असं सांगणाऱ्याकडून काहीही घेऊ नका. किंवा हौस फिटल्यावर लोकांनी सोडून दिलेले मोठे फ्रेंच बुलडॉग प्राणिसंस्थांकडे येत असतात. त्यातला एखादा, श्वास तपासून, घरी आणा.

आणि हे सगळं वाचून तुमच्या गल्लीतल्या कुत्रीने नुकतीच घातलेली पिल्लं आठवली असतील, तर त्यातलं एक आणा. वरचे निम्म्याहून अधिक धडे तुम्हाला लागणार नाहीत. त्या पिल्लाला नाक आहे.