मटण एकला, आइस्क्रीम सातला

अश्दोद, ऑगस्ट

ती. आईस,


नातवंडं हडकली का म्हणून विचारलंस. कसली हडकतात! या उकाड्यात आइस्क्रीमवरच तर जगताहेत, तेही कोशर.

‘आइस्क्रीमात कसलं आलंय कोशर, त्यात का मटण असतं?’ असं तू म्हणशील. अगं, जिलेटिन हाडा-कातड्यांतून काढतात, आणि गुलाबी रंग कधीकधी चक्क किड्यांचा असतो. म्हणून दुकानात शिरलं की हे आधी भिंतीवरचा रब्बीनेटचा दाखला गाठतात आणि सातबारा वाचावा तसा वाचतात. तारीख उलटलेली असली की आमची वरात बाहेर. कोशरच्या नावाखाली कुणी फसवू नये म्हणून इथे १९८३ सालचा कायदाच आहे, आणि तो यांना तोंडपाठ आहे. १९६४ साली याच रब्बीनेटला आपण पुरते यहुदी आहोत हे पटवायला आपल्या लोकांना जेरुसलेमला धरणं धरावं लागलं होतं. आता आपलेच लोक त्यांचे कागद तपासतात!

खरी मारामारी घड्याळाशी. दुपारी एकला मटण जेवलं की सात वाजेपर्यंत दुधाचं नाव नाही. शेजारचं कुटुंब मूळचं हॉलंडचं. त्यांच्या रिवाजात तासाभरात सुटका. त्यांची पोरं दोन वाजता जिन्यात कोन चाटत बसतात, तेही आमच्याच दाराशी. धाकट्याने परवा विचारलं, “आपले पूर्वज कोकणाऐवजी हॉलंडला का नाही गेले?”

तू जन्मभर मटणाला नारळाचं दूधच घातलंस. अलिबागला कुठे कुणी दाखला लावला होता? आता तेच नारळाचं दूध गोठवून, वर ‘पार्वे’, म्हणजे ना दुधाचं ना मटणाचं, असं लिहून इथे विकतात. मटणानंतर लगेच चालतं, म्हणून मुलं खूश. भाव मात्र विचारू नकोस, वाडीतले माड विकायची वेळ येईल. त्यात दुकानातला पोऱ्या पिस्त्यात बुडवलेला चमचा तसाच नारळात घालतो. हे त्याच्याशी हुज्जत घालत बसतात, मी सरळ सीलबंद डबा उचलते.

पेसाखच्या सणाला तर आमच्या जावईबापूंची दया येते. त्यांचं घराणं पोलंडचं. भात नाही, मका नाही, म्हणून मक्याची साखर घातलेलं आइस्क्रीमही नाही. डब्यावर ‘कितनियोत खाणाऱ्यांसाठी’, म्हणजे भात-मका खाणाऱ्यांसाठी, असं छापलेलं दिसलं की ते मुकाट्याने लिंबाच्या बर्फाकडे वळतात. आपल्याला भात चालतो, त्यामुळे थोरली त्यांच्यासमोरच डबा संपवते. मी रागावते, पण उरलंसुरलं मीही खाते.

बाबा येतील तेव्हा आमसुलं आणि चिकाच्या हलव्यासाठी गव्हाचा चीक पाठव. आणि त्यांना सांग, विमानात कोंबडी खाल्लीत तर वेळ चिठ्ठीवर लिहून ठेवा. नातू विमानतळावर पाया पडायच्या आधी तेच विचारणार आहे.

तुझी,
बेबी