पेजमेकरच्या कॉम्प्युटरवर बँक उघडू नका

जुना कॉम्प्युटर वापरणं हा गुन्हा नाही. तालुक्याच्या गावातलं डीटीपीचं दुकान घ्या. विंडोज एक्सपी नाहीतर विंडोज ७, त्यावर पानं जुळवायचं २००१ सालचं पेजमेकर ७, मागे श्री-लिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं डोंगल. एवढ्या भांडवलावर तिथे आजही लग्नपत्रिका, हँडबिलं आणि पतसंस्थांचे वार्षिक अहवाल निघतात. पेजमेकरला युनिकोड कळत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षांच्या फायली जुन्या फॉन्टमध्ये अडकलेल्या आहेत. नवं मशीन घ्यायचं तर नवं सॉफ्टवेअर, नवे फॉन्ट आणि जुन्या मजकुराची पुन्हा जुळणी, असा सगळा खर्च एकदम अंगावर येतो. ‘ते धूड बदलून टाका’ म्हणणाऱ्यांनी आधी त्या दुकानाचा गल्ला पाहावा.

माझं भांडण आहे ते त्या मशीनवरच्या ब्राउझरशी. पत्रिकेचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅप वेबवर येतो, तो याच ब्राउझरमध्ये. कागदवाल्याचे पैसे नेट बँकिंगने जातात, तेही इथूनच. जीएसटीचं विवरणपत्र, मुलीचा प्रवेश अर्ज, विजेचं बिल, सगळं इथेच. आणि पासवर्ड आठवायला नको म्हणून तोही ब्राउझरमध्येच साठवलेला.

तारखा पाहा. मायक्रोसॉफ्टचे नियमित सुरक्षा अपडेट एक्सपीसाठी ८ एप्रिल २०१४ ला थांबले आणि विंडोज ७ साठी १४ जानेवारी २०२० ला. क्रोम एक्सपीवर ४९ व्या आवृत्तीपाशी अडकलं, विंडोज ७ वर १०९ व्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० व्या आवृत्तीला विंडोज १० लागतं. तशी सूचना ब्राउझरच्या माथ्यावर रोज झळकते आणि रोज फुली मारून घालवली जाते.

‘इतकी वर्षं काही झालं नाही,’ असं यावर उत्तर मिळतं. हे उत्तर घातक आहे. ब्राउझरमधली चूक दुरुस्त झाली की दुरुस्त केलेली आवृत्ती सगळ्या जगाला मिळते, चोरालाही. तो जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवून फरक काढतो. चूक नेमकी कुठे होती हे त्याला कळतं. ज्यांनी अपडेट घेतलं ते सुटले. ज्यांना अपडेट मिळणारच नाही, त्यांच्याकडे तीच चूक कायम राहते. म्हणून अपडेट बंद झालेला ब्राउझर दर महिन्याला जास्त धोकादायक होत जातो. तुम्ही काही बदललं नाही, पण चोराच्या हातातली माहिती वाढली.

‘आम्ही भलत्या साइटवर जात नाही,’ हेही पुरेसं नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी नावाच्या चित्रप्रकाराचं वाचन करणाऱ्या कोडमध्ये गंभीर चूक सापडली. मुद्दाम बिघडवलेलं चित्र ब्राउझरने नुसतं दाखवायला घेतलं तरी हल्ला शक्य होता, आणि या चुकीचा गैरफायदा घेतला जात असल्याचं गूगलने स्वतः जाहीर केलं होतं. क्रोम आणि फायरफॉक्सने दुरुस्ती तातडीने दिली. क्रोम ४९ वर बसलेल्याला ती कुठून मिळणार? फोटो उघडणं हेच ज्या दुकानाचं काम, त्याने याचा विचार करायला हवा.

अँटिव्हायरसवरही भिस्त ठेवू नका. तो ओळखीच्या घातक फायली पकडतो. ब्राउझरच्या कोडमधली मूळ चूक तो बुजवत नाही.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, पेजमेकरच्या मशीनची इंटरनेटची वायर काढा. पेजमेकरला इंटरनेट लागत नाही, श्री-लिपीच्या टायपिंगलाही नाही. ग्राहकाचा मजकूर दुसऱ्या मशीनवर किंवा फोनवर घ्या, पेन ड्राइव्ह तपासा आणि मग आणा. दुकानाच्या अंतर्गत नेटवर्कवरही ते मशीन ठेवू नका. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस ब्राउझर न उघडताच नेटवर्कवरून एका मशीनमधून दुसऱ्यात शिरत होता. त्यावरचं अपडेट विंडोज ७ साठी मार्चमध्येच आलं होतं. ज्यांनी ते घेतलं नाही, त्यांच्या फायलींना कुलपं लागली.

दुसरं मशीन नाही? मग त्याच मशीनवर लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम विंडोजच्या शेजारी बसवून घ्या. ती फुकट आहे. प्रोसेसर ६४ बिटचा हवा, रॅम किमान २ जीबी, ४ असेल तर सुखाने चालेल. छपाईच्या कामाला विंडोज सुरू करा, इंटरनेटला लिनक्स. त्यावर फायरफॉक्सची चालू आवृत्ती मिळते. बसवण्याआधी सगळ्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, हे मात्र चुकवू नका.

तेही आज जमत नसेल, तर विंडोज ७ वर निदान क्रोम १०९ सोडा. मोझिलाने जुलै २०२३ मध्ये आलेली फायरफॉक्स ११५ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती विंडोज ७ साठी पुढेही सांभाळली आणि तिची मुदत एकाहून अधिक वेळा वाढवली. ती मुदत अजून शिल्लक आहे का, हे मोझिलाच्या साइटवर स्वतः पाहा. सोबत यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन टाका, म्हणजे जाहिरातींतून येणारा धोका कमी होईल. रोजचं काम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या खात्यातून करू नका. साठवलेले पासवर्ड पुसा. फोनवरच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून जुनी मशीनं काढून टाका. पैशाचे व्यवहार मात्र या तडजोडीच्या ब्राउझरवर नकोतच. ते अपडेट मिळणाऱ्या फोनवरून करा. आणि पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा.

एक बारीक गोष्ट राहिली. जुन्या मशीनमधला मदरबोर्डचा सेल संपतो, तारीख पंधरा वर्षं मागे जाते आणि सुरक्षित साइट उघडताना ब्राउझर इशाऱ्यांची ओरड करतो. मग इशारा न वाचता बटण दाबून पुढे जायची सवय लागते. ज्या दिवशी इशारा खरा असेल, त्या दिवशीही हात तेच बटण दाबेल. सेल बदला. तो नाण्याएवढा असतो आणि किरकोळ पैशांत मिळतो.

एवढं सगळं दुकानदाराने एकट्याने का शोधून काढायचं? विंडोज १० चा पाठिंबाही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कंपन्यांनी टाकलेली मशीनं पुसून-पासून बाजारात येत राहतील, आणि घेणारे असतील शाळा, छोटी दुकानं, पहिला कॉम्प्युटर घेणारी घरं. हमी किती महिन्यांची, एवढंच बिलावर लिहिलेलं असतं. सुरक्षा अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळतील, हेही तिथे मराठीत छापणं विक्रेत्याला सक्तीचं व्हायला हवं. ती सक्ती होईपर्यंत गिऱ्हाइकाने ती तारीख विचारावी, आणि ती लिहून मिळाल्याशिवाय पैसे मोजू नयेत.