उतारालाही सराव लागतो

जुलैच्या कुठल्याही रविवारी पहाटे साडेपाचला साताऱ्यात समर्थ मंदिराच्या चौकात उभं राहून बघा. पाऊस असतो, धुकं असतं आणि त्यातून यवतेश्वरच्या घाटाकडे पळत निघालेली माणसं असतात. बँकेतले, शाळेतले, दवाखान्यातले, कॉलेजची पोरं, पन्नाशीतल्या बायका. साडेसातला हीच मंडळी चहाच्या टपरीवर भेटतात, तेव्हा प्रत्येकाच्या तोंडी प्रश्न एकच असतो: 'आज कुठपर्यंत चढलात?'

'खाली कसे आलात?' असं कुणीच कुणाला विचारत नाही. माझं आजचं भांडण तेवढ्यासाठी आहे.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते. पोलीस कवायत मैदानावरून सुटायचं, गाव ओलांडून घाट चढायचा, कासच्या रस्त्याने पुढे जाऊन वळायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. अर्धमॅरेथॉनचं अंतर २१ किलोमीटरच्या किंचित वर, नेमकं सांगायचं तर २१.०९७५. हिशेब सोपा आहे. जेवढा चढ, तेवढाच उतार. पण सरावाची वेळापत्रकं उघडून बघा. चढाचा सराव, वेगाचा सराव, लांब पल्ल्याचा सराव, सगळं असतं. उताराचा रकाना मी ज्या वेळापत्रकांवर सराव केला त्यांत कुठेच नव्हता. वर पोचलेला माणूस आपोआप खाली येणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं.

येतो. पण कसा येतो, ते मी अनुभवलं आहे.

पहिल्या वर्षी मी ४६ वर्षांची होते. चार महिने घाट चढले. मे महिन्यात अर्धा किलोमीटर पळून कठड्याला टेकत होते, ऑगस्टमध्ये न थांबता वरपर्यंत जात होते. खाली मात्र दर वेळी कुणाच्या तरी गाडीतून यायचे. सकाळची शाळा गाठायची असायची आणि तेवढाच वेळ वाचायचा. स्पर्धेच्या दिवशी वळणाच्या खुणेला पोचले तेव्हा श्वास शांत होता. आता काय, उतारच आहे, असं मनात आलं आणि पाय सोडून दिले. चौदाव्या किलोमीटरला मांड्या थरथरू लागल्या. सोळाव्याला गुडघा वाकला की पाय भार धरेना. खाली सगळं गाव पसरलेलं, पलीकडे अजिंक्यतारा, आणि मी कठड्याच्या आधाराने चालत होते. शेवटचे पाच किलोमीटर मी पळलेच नाही. पदक मिळालं. पण मंगळवारी शाळेचा जिना उतरताना प्रत्येक पायरीला कठडा धरावा लागला.

दम कमी पडला नव्हता. कमी पडला होता मांडीचा पुढचा स्नायू. चढताना हा स्नायू आखडतो आणि अंग वर ढकलतो. उतरताना त्याचं काम उलटं होतं. पाऊल टेकलं की तो ताणला जातो आणि ताणला जात असतानाच त्याला अंगाचा भार अडवावा लागतो. म्हणजे प्रत्येक पावलाला ब्रेक. लांबलचक उतारात अशी हजारो पावलं पडतात आणि स्नायूच्या तंतूंना बारीक बारीक इजा होत जाते. हे दुखणं लगेच पुरतं वर येत नाही. २४ ते ७२ तासांत ते सर्वांत जास्त जाणवतं, म्हणून रविवारची चूक मंगळवारी कळते.

यावरचा उपाय महागडा नाही. हा स्नायू फार लवकर शिकतो. एकदा बेताने उतार पळून आलं, की पुढचे काही आठवडे तसाच उतार त्याला पहिल्यासारखा बाधत नाही. दोन आठवड्यांतून एकदा सराव केला तरी फरक दिसतो. त्यासाठी ना नवे बूट लागतात, ना पैसे. तरीही नव्याने पळायला लागलेल्या माणसाला हे कुणी सांगत नाही, याला हलगर्जीपणाच म्हणायला हवं.

मला सांगितलं ते सैन्यातून निवृत्त झालेल्या एका सुभेदार काकांनी. पुढच्या मोसमात ते आमच्या पळण्याच्या गटात आले. मी गाडीत बसायला निघाले तसे म्हणाले, "ताई, चढाला दम लागतो, उताराला अक्कल. उतरा खाली, चला माझ्याबरोबर."

पहिला महिनाभर त्यांनी मला चढ चालायला लावला आणि उतार पळायला. तोही घाटातला नाही. गावातलाच हलका उतार, चारशे मीटरचा, चार खेपा. पावलं आखूड आणि पटपट टाकायची. टाच लांब पुढे रोवायची नाही, तिथेच सगळा हिसका गुडघ्यात जातो. भीती वाटली की पाठ मागे जाते, ती जाऊ द्यायची नाही, घोट्यापासून अंग किंचित पुढे ठेवायचं. हात सैल. नजर पायाशी नाही, चार-पाच पावलं पुढे. पावसात रस्त्याची शेवाळलेली कड सोडायची. वेग वाढतोय असं वाटलं की पावलं आणखी आखूड करायची. एवढीच विद्या. पण ती अंगात भिनायला सहा आठवडे लागले आणि ते सहा आठवडे मला कुठल्याही चढापेक्षा जास्त शिकवून गेले.

उतार फक्त घाटाला नसतो. सरावालाही असतो आणि तिथेही आपण तो नाकारतो.

आठवड्याला वीस किलोमीटर, मग बावीस, मग पंचवीस, मग अठ्ठावीस. आकडा वर गेला की गटात अंगठे उठतात. चौथ्या आठवड्यात तो मुद्दाम खाली आणायचा असतो, निदान चौथ्या हिश्शाने. त्या विसाव्यातच अंग भरून निघतं. पण त्या आठवड्याला कुणी शाबासकी देत नाही. उलट विचारतात, 'काय, सुटला का सराव?' हा प्रश्न विचारणाऱ्यांना मला थेट सांगायचं आहे: तुम्ही माणसं जायबंदी करता आहात.

कारण शरीराचे सगळे भाग एका चालीने तयार होत नाहीत. हृदय आणि श्वास काही आठवड्यांत सुधारतात. हाडांना आणि कंडरांना महिने लागतात. म्हणून तिसऱ्या महिन्यात दम म्हणतो 'चल' आणि नडगी म्हणते 'थांब'. मला ही नडगी दुसऱ्या वर्षी जुलैत भेटली. आतल्या कडेला बोट टेकवलं की कळ यायची. गटात सल्ला मिळाला, 'थोडं दुखणारच, पळत राहा.' सुभेदार काका म्हणाले, "ताई, बारा दिवस बूट काढायचे नाहीत कपाटातून." डॉक्टरांनीही विश्रांतीच सांगितली. ते बारा दिवस माझ्या सगळ्या सरावातले सर्वांत अवघड होते. पहाटे चारला जाग यायची, खिडकीतून पळणाऱ्यांची पावलं ऐकू यायची आणि आपण मागे पडतोय या विचाराने घशाशी यायचं. पण मी थांबले. परतले तेव्हा पहिले दोन दिवस जड गेले, तिसऱ्या दिवशी लय सापडली. त्याच आठवड्यात न थांबलेल्या दोघी जणी मात्र मोसमातून बाहेर गेल्या.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायलाच हवी. स्पर्धेच्या सकाळी वेदनाशामक गोळी खाऊन उभं राहायची पद्धत पडत चालली आहे. ती बंद करा. दुखणं म्हणजे शरीराने दिलेली हाक आहे. गोळी ती हाक दाबते, इजा भरून काढत नाही. घामाने अंगातलं पाणी कमी झालेलं असताना अशा गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात. गोळीशिवाय पळता येत नसेल, तर त्या रविवारी पळू नये.

'हे सगळं हौशी लोकांचं, खऱ्या धावपटूंना उतरायला शिकावं लागत नाही,' असं म्हणणाऱ्यांनी आपल्याच मातीतल्या दोघांकडे बघावं. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर. लांब पल्ला पळता पळता ती स्टीपलचेसकडे वळली आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचून दहावी आली. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा अविनाश साबळे. त्याचा मुख्य खेळ स्टीपलचेस. २०२० मध्ये दिल्लीत त्याने अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पळून राष्ट्रीय विक्रम केला. ३००० मीटरच्या स्टीपलचेसमध्ये २८ अडथळे आणि ७ पाणउड्या असतात. म्हणजे ३५ वेळा वर जायचं आणि ३५ वेळा खाली यायचं. उडी सगळ्यांना दिसते. पण पाय कसा टेकतो आणि टेकल्यावर पुढचं पाऊल किती लवकर पडतं, त्यावर शर्यत ठरते. खाली येणं ही या दोघांच्या खेळाची अर्धी विद्या आहे, आणि दोघांनी ती वर्षानुवर्षं घोटली आहे.

मग आपण ती सरावाच्या वेळापत्रकातून का गाळतो? गट चालवणाऱ्यांना माझी मागणी आहे. दर पंधरा दिवसांनी एक दिवस उताराचा लिहा. दर चौथ्या आठवड्यासमोर 'विसावा' असं ठळक अक्षरांत छापा. स्पर्धेआधीचे शेवटचे दोन आठवडे अंतर कमी करायला लावा आणि जो ऐकत नाही त्याला सगळ्यांसमोर बोला. जो थांबला त्याचीही हजेरी मांडा. नवीन माणूस पहिल्या दिवशी आला की त्याला घाटावर नेण्याआधी चारशे मीटरच्या हलक्या उतारावर न्या. याला खर्च काहीच नाही.

दुसऱ्या वर्षीचा माझा हिशेब सांगते. वळणाच्या खुणेला पोचायला मला पहिल्या वर्षापेक्षा दोन मिनिटं जास्त लागली. बारा दिवसांची ती किंमत होती. पण पूर्ण अंतर मी २६ मिनिटं कमी वेळात पार केलं आणि शेवटचे पाच किलोमीटर पळत आले. मंगळवारी शाळेचा जिना हात मोकळे ठेवून उतरले.

या रविवारी घाट जरूर चढा. पण खाली गाडीतून येऊ नका. आणि टपरीवर कुणी भेटलं, तर एवढं नक्की विचारा: 'खाली कसे आलात?'