जावई कॅबिनेटमध्ये आले

जुन्या कॉम्प्युटरला गेमसाठी नवं ग्राफिक्स कार्ड बसवणं म्हणजे घरात जावई आणणं. जावई स्वभावानं चांगलेच असतात. पण त्यांच्यापायी घराला काय काय करावं लागेल, हे बोलणी करताना कुणी सांगत नाही.

आमचं घर, म्हणजे टेबलाखालचा डबा, २०१४ सालचा. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम आणि चालू होताना कण्हणारी हार्ड डिस्क. त्यावर चिरंजीवांना ‘सायबरपंक २०७७’ खेळायचा होता. हा गेम २०२० मध्ये आला तेव्हा आठ जीबी रॅमवर आणि साध्या हार्ड डिस्कवर कसंबसं भागवून घ्यायचा. २०२३ मध्ये किमान अटी वाढल्या : बारा जीबी रॅम, जीटीएक्स १०६० च्या तोडीचं कार्ड आणि एसएसडी हवीच. कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेले कॉम्प्युटर बसल्या जागी नापास झाले.

“बाबा, सेकंदाला साठ फ्रेम हव्यात. एकेक फ्रेम सोळा-सतरा मिलिसेकंदांत तयार झाली पाहिजे.” वेळेची एवढी काटेकोर किंमत या मुलानं सकाळी उठताना कधी केलेली नाही.

लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड जीटीएक्स १०६० आणलं. जावयांचा आहार १२० वॉटचा. मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळतात फार तर ७५. उरलेल्यासाठी सहा पिनांची वेगळी वायर लागते. आमच्या एसएमपीएसला, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याला, ती नव्हतीच. दुकानातल्या पोरानं तो डबा तळहातावर दोनदा वरखाली केला. “काका, स्टिकरवर साडेचारशे वॉट लिहिलंय, पण वजनच नाही ह्याला!” बाजारात भोपळा घेतानाही मी एवढी पारख करत नाही.

नवा एसएमपीएस आला. रॅमची आणखी एक आठची पट्टी आली, एसएसडी आली. प्रोसेसरवरचा पंखा काढला, तर खालच्या पेस्टचे वाळून पापुद्रे झालेले आणि पंख्याच्या पात्यांवर धुळीची गोधडी. रंगाच्या ब्रशनं ती झाडताना बायको दारातून म्हणाली, “माळाही असाच झाडला असतात तर?” मी ब्रशकडे पाहत राहिलो.

गेम सुरू झाला, तरी गर्दीच्या चौकात अडखळायचाच. आता दोष प्रोसेसरचा : कार्ड हात बांधून बसतं आणि हे महाशय मागून धापा टाकत येतात. मग प्रोसेसर बदला. नवा या सॉकेटात बसत नाही, म्हणून बोर्ड बदला. नव्या बोर्डावर डीडीआर-थ्रीची पट्टी बसत नाही, तिची खाचच वेगळ्या जागी. म्हणून रॅमही बदला. जावयांच्या सोयीसाठी सासऱ्यानं घर विकून भाड्यानं राहायचं, एवढंच उरलं होतं. तिथं मी पाकीट मिटलं.

चिरंजीवांनी मुकाट्यानं सेटिंग्ज उतरवल्या. सावल्या कमी, प्रतिबिंबं बंद, रस्त्यावरची माणसं निम्मी. फ्रेम चाळिसाच्या आसपास स्थिरावल्या आणि घरात शांतता नांदू लागली.

ती बायकोनं मोडली. सोसायटीचे हिशेब तिच्याकडे असतात. पूर्वी बटण दाबून ती चहा टाकायला जायची. त्या दिवशी पातेलं गॅसवर चढायच्या आत कॉम्प्युटर चालू होऊन बसलेला. ही सारी करामत एसएसडीची, कार्डाचा त्यात काडीचाही वाटा नाही, हे मी तिला सांगणार होतो. पण तोवर तिनं खुर्ची ओढली होती आणि चिरंजीवांना सांगून टाकलं होतं, “मार्चएन्ड होईपर्यंत तुझा तो गेम बंद.”