स्लॅब बदलला

काही माणसांना नातेवाइकांचे वाढदिवस पाठ असतात, काहींना नक्षत्रं. आमच्या नानाकाकांना सगळ्यांच्या मेडिक्लेमच्या रिन्यूअलच्या तारखा पाठ आहेत. दादाच्या एकसष्टीला फॅमिली ग्रुपवर हार, केक आणि फटाक्यांचा पाऊस पडत होता. त्यात काकांचा मेसेज आला, "अभिनंदन. स्लॅब बदलला. हप्ता वाढणार, तयारीत राहा." दादाने मुकाट्याने अंगठा दिला. "शुभेच्छासुद्धा अटी लागू करूनच देतात," असं वहिनी म्हणाली; पण ते ग्रुपवर नाही, स्वयंपाकघरात.

असा एक नानाकाका घरोघरी असतो. तो बहुधा बँकेतून निवृत्त झालेला असतो. त्याच्याकडे प्लॅस्टिकची फोल्डरं असतात, प्रत्येकावर स्केचपेनने नाव असतं आणि त्यातली निम्मी फोल्डरं दुसऱ्यांची असतात. पॉलिसीबरोबर येणारी बारीक टायपातली पुस्तिका आपण पाकिटासकट कपाटात टाकतो. हा ती पेन्सिल घेऊन वाचतो. वादात तो आवाज चढवत नाही. शांतपणे पान नंबर सांगतो आणि वर म्हणतो, "छापलेलं आहे." यापुढे बोलायची कोणाची छाती होत नाही, कारण ते छापलेलं दुसऱ्या कोणी वाचलेलं नसतं.

ग्रुपवर भांडण पेटायला निमित्त किरकोळ पुरतं. आयटीवाला पुतण्या लिहितो, "मला काय, कंपनीचं कव्हर आहे." काका विचारतात, "आणि नोकरी गेली की?" तो रागावतो. मग काका त्याला समजावतात की स्वतःची पॉलिसी आत्ता काढ, आधीपासूनच्या आजारांचा वेटिंग पिरियड आता जास्तीत जास्त तीनच वर्षं आहे, पूर्वी चार होता. "पण मला आजारच नाही," पुतण्या म्हणतो. "होतील," असं उत्तर येतं. यात शाप नसतो, नियोजन असतं.

मामा केंद्र सरकारातून निवृत्त. कोकणातली माणसं आपल्या कलमांविषयी बोलतात त्या सुरात ते केंद्राच्या आरोग्य योजनेला "आमचं सीजीएचएस" म्हणतात. न्यू जर्सीची ताई मध्येच लिहिते, "इथे महिन्याला जेवढं कापतात त्यात तुमच्या अख्ख्या घराचा वर्षाचा हप्ता निघेल, आणि वर डिडक्टिबल संपेपर्यंत खिशातूनच भरायचं." यावर ग्रुप थोडा वेळ गप्प होतो. अमेरिकेचं ऐकून आपल्याला आपला हप्ता बरा वाटतो, तेवढ्यापुरता.

22 सप्टेंबर 2025 ला घटस्थापना होती. सकाळी सहाला काकांचा मेसेज: "घटस्थापनेच्या शुभेच्छा. आजपासून वैयक्तिक मेडिक्लेमवर जीएसटी शून्य." म्हणजे अठरा टक्के गेले. खाली आयटीवाल्या पुतण्याचं रडतं तोंड. बिचाऱ्याने काकांचं ऐकून स्वतःची पॉलिसी काढली होती आणि आदल्याच आठवड्यात पैसे भरले होते. "एक फोन करायचा होतास," काका म्हणाले. हे वाक्य ते ऑपरेशननंतरही म्हणतात, घर घेतल्यावरही म्हणतात.

पण खरं रण पेटलं ते आत्याच्या हप्त्यावरून. आत्या सांगलीला, पंचाहत्तरीला टेकलेली. हप्ता फुगत पन्नास हजारांच्या पुढे गेला, तेव्हा तिच्या दोन्ही मुलांना एकदम सरकारी योजनांचं महत्त्व पटलं. 29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला आयुष्मान भारतमध्ये वर्षाला पाच लाखांपर्यंत कव्हर आहे, मग खासगी हप्ता हवाच कशाला? दुसऱ्याच एका भाच्याने त्यात करदात्यांचा पैसा काढला. धडधाकट माणसांनी फुकट का घ्यावं, वगैरे. मामा म्हणाले, "ते गरिबांसाठी राहू द्या. आपल्यासारख्यांना शोभत नाही."

"उत्पन्नाची अट नाही. छापलेलं आहे," काकांनी मामांना गप्प केलं. मग भाच्याकडे वळले. "मी जन्मभर कर भरला, त्यातलं काही परत आलं तर तुझ्या पोटात का दुखतं?" दोघं गार झाल्यावर मात्र त्यांनी आत्याच्या मुलांना सुनावलं, "कार्ड काढा आणि हप्ताही भरा. ती जाते ते हॉस्पिटल योजनेच्या यादीत नाही." अशा रीतीने त्यांनी सगळ्यांशी वैर घेतलं आणि आत्याचं कार्डही स्वतःच काढून आणलं. हप्ता दोघा भावांत अर्धा अर्धा झाला, तो कोणी किती दिवस उशिरा भरला याची नोंद अर्थातच फोल्डरमध्ये आहे.

आत्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला नानाकाकांना काउंटरवर पाहिलं. पॉलिसी तीन लाखांची, रूम रेंटला रोजची मर्यादा एक टक्का, म्हणजे तीन हजार. मुलांनी हौसेने पाच हजारांची स्वतंत्र खोली घेतली होती. "अरे, फक्त खोलीचे दोन हजार नाही कापत. डॉक्टरांची फी, ओटी, तेही त्याच प्रमाणात कापतात," काका कळवळून सांगत होते. मग बिलावर पट्टी ठेवून एकेक ओळ. "हे हातमोजे कोणी घातले?" त्यांनी विचारलं. क्लार्क मुलगी गोंधळली. "डॉक्टरांनी, काका." "मग आत्याच्या नावावर का?" ते नॉन-पेएबल असतं, तिने समजावलं. काकांना ते माहीत होतं. त्यांना फक्त तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

कॅशलेसची शेवटची मंजुरी तीन तासांत मिळायला हवी, असं विमा नियामकाचं 2024 चं परिपत्रक आहे. काकांनी घड्याळ पुढे केलं. ती म्हणाली, "काका, तीन तास आम्ही कागद पाठवल्यापासून." "आणि पाठवणार कधी?" "डॉक्टरांची सही झाली की." "आणि डॉक्टर?" "ओटीत." काका खुर्ची ओढून तिथेच बसले. दुपारचं जेवण झालं नाही, चहासुद्धा नाही. संध्याकाळी आत्या घरी पोचली तेव्हा तिला एवढंच कळलं, की नाना कोणाशी तरी भांडत होता.

त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंच्या नवऱ्याला अँजिओप्लास्टी सांगितली, तेव्हा राज्याच्या महात्मा फुले आरोग्य योजनेच्या काउंटरवरही हेच गेले. तिथल्या आरोग्यमित्राशी आता त्यांची गाढ ओळख आहे. दिवाळीत फराळाचा डबा जातो. ही गोष्ट त्यांनी ग्रुपवर कधी लिहिली नाही. आम्हाला ती त्या बाईंकडूनच कळली.

सध्याची मोहीम रेशनकार्डाची. फुले योजना आता पांढऱ्या कार्डवाल्यांनाही आहे, हे कळल्यापासून काकांनी आजोबांच्या ट्रंकेतून जुनं पांढरं कार्ड शोधून काढलं. त्यावर आजोबांच्या खाली तिन्ही भावांची कुटुंबं अजून एकत्र आहेत. थोरले आणि धाकटे काका वाड्याच्या वाटणीपासून एकमेकांशी बोलत नाहीत. नानाकाकांनी फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "कव्हर कुटुंबामागे पाच लाख. कागदावर आपण एकच कुटुंब. वेगळं व्हायचं असेल तर तहसीलला अर्ज करावा लागेल. कोण करतंय?"

कोणीच काही लिहिलं नाही. रात्री न्यू जर्सीहून ताईने फोटो मोठा करून पाहिला. "नाना, सातव्या ओळीत माझं नाव आहे की! मग मलाही मिळणार का पाच लाख?"

तिने हसण्याच्या तीन बाहुल्या टाकल्या होत्या. काकांनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

"ई-केवायसी झालंय का तुझं?"