धरून चाला

प्रवासाला निघण्यापूर्वीच प्रवासाचा सारा शीण भोगून मोकळे होणारे, आणि तो इतरांसही भोगावयास लावणारे, एक गृहस्थ प्रत्येक वसाहतीत असतात. पुण्यातील आमच्या वसाहतीत ती कामगिरी आप्पांकडे आहे. पाटबंधारे खात्याच्या दप्तरात अवघी हयात घालवून ते निवृत्त झाले, तरी दप्तर काही त्यांच्यातून निवृत्त झाले नाही, आणि त्यांच्या प्रत्येक तजविजीचा श्रीगणेशा 'धरून चाला' या दोन शब्दांनीच होत असल्यामुळे ते शब्द कानी पडताच आम्ही शेजारी पुढील अरिष्टासाठी मन घट्ट करून बसतो.

कोजागिरीच्या रात्री गच्चीवर मसाला दुधाचा दुसरा पेला हाती असताना कोणीतरी (तो कोणीतरी दुर्दैवाने मीच होतो) सहज म्हणाले की, एकदा बर्फ पाहिले पाहिजे. इतर माणसे अशा वाक्यावर 'हो ना' म्हणतात आणि दूध संपवतात. आप्पांनी पेला खाली ठेवला, खिशातून वही काढली आणि विचारले, "औली की गुलमर्ग?" ही गोष्ट २०१९ सालची.

औली ठरले. पुण्याहून जोशीमठ सुमारे १,९०० किलोमीटर. तेथून वर घाटाने आणखी पंधरा, की स्कीच्या पट्ट्या पायांस बांधून घसरण्याचे ते सुप्रसिद्ध उतार. विमानाचे नाव काढताच आप्पांनी ते नामंजूर केले. होळकर-शिंद्यांच्या मुलुखातून, इंदूर आणि ग्वाल्हेर असे मुकाम करीत, स्वतःच्या मोटारीने जावयाचे. मग वही भरू लागली. "धरून चाला, रात्री पारा शून्याखाली गेला, मग हातब्रेक ओढायचा नाही, तो थिजून अडकतो, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावायचे." "धरून चाला, वायपर काचेला चिकटले. म्हणून ते निजण्यापूर्वीच उचलून उभे ठेवायचे." येथवर त्यांचे म्हणणे शास्त्रशुद्ध होते, हे मला मान्य केले पाहिजे. परंतु एके सकाळी त्यांनी मला जिन्यात गाठून, कडाक्याच्या थंडीत डिझेलमधील मेण वेगळे होऊन इंजिन कसे तुंबते, आणि लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे निराळे डिझेल कसे निघाले आहे, याची साद्यंत हकीकत सांगितली, तेव्हा मी अदबीने निदर्शनास आणले की, त्यांची मोटार पेट्रोलची आहे. आप्पा क्षणभरही विचलित झाले नाहीत. "धरून चाला," ते म्हणाले, "वाटेत कोणाची तरी डिझेलची उसनी घ्यावी लागली."

या सर्वांवर कळस चढला तो साखळ्यांच्या तालमीने. बर्फावर चाक निसटू नये म्हणून टायरभोवती लोखंडी साखळ्या बांधतात, आणि ज्या चाकांना इंजिनाचा जोर मिळतो त्याच चाकांना, म्हणजे आप्पांच्या मोटारीत पुढल्या, त्या बांधाव्या लागतात. ऑक्टोबरच्या रणरणत्या दुपारी, फरशी पायांना चटके देत असताना, लोकरीची माकडटोपी आणि हातमोजे घालून ("धरून चाला, बोटे बधिर झाली आहेत") आप्पा पुढल्या चाकापाशी उकिडवे बसले. रखवालदार घड्याळ धरून उभा, आणि भोवती सुटीची सारी मुले. साखळी बांधण्यास सत्तेचाळीस मिनिटे लागली. त्यानंतर त्यांनी मोटार आवारात एक फेरी फिरवली, तिचा जो आवाज झाला तो ऐकून तिसऱ्या मजल्यावरील आजी भूकंप समजून खाली आल्या, आणि उखडलेल्या अकरा फरश्यांचा खर्च आप्पांनी 'प्रवासखर्च' या सदराखाली मांडला.

पहिला हिवाळा असा मसुद्यातच गेला आणि दुसरा महामारीने खाल्ला. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी जोशीमठाजवळच्या ऋषिगंगेला अकस्मात लोंढा आला आणि तपोवनच्या धरणाचे काम, त्यावर राबणाऱ्या माणसांसह, घटकाभरात चिरडले गेले. धरणांच्या कागदांतच आयुष्य काढलेले आप्पा दूरदर्शनसमोर बसून राहिले, आणि त्या दिवशी त्यांनी कोणालाही काही धरून चालावयास सांगितले नाही. जानेवारी २०२३ मध्ये खुद्द जोशीमठच खचू लागले. घरांच्या भिंतींना हात जाईल एवढ्या भेगा पडल्या, औलीचा रज्जुमार्ग बंद झाला. वहीत तोवर पंच्याहत्तर आपत्ती क्रमवार नोंदलेल्या होत्या, पण गावाखालची जमीनच सरकेल असे त्यांत कोठेही धरलेले नव्हते. शहात्तरावा आकडा घालून त्यांनी पुढली ओळ कोरी सोडली. मी ती पाहिली आहे.

अखेर परवाच्या फेब्रुवारीत आम्ही निघालो: आप्पा, काकू, मी आणि आमच्या सौभाग्यवती. नोंदलेल्या पंच्याहत्तरांपैकी एकही आपत्ती ओढवली नाही. ओढवले ते असे की, इंदूरच्या सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाता खाता आप्पांचा चष्मा हरवला, आणि पुढील मजल तहकूब होऊन दोन दिवस चष्म्याच्या दुकानात बसून काढावे लागले. वाचता येईना म्हणून त्यांनी वही माझ्या हवाली केली. चाळता चाळता मला माझ्या नावाचे एक पान दिसले. 'यांना घाटात गाडी लागते. पुढील आसन द्यावे, कारण सांगू नये. आल्याच्या वड्या डाव्या कप्प्यात. मानी आहेत.' मी पान उलटले. इंदुरापर्यंत पुढल्या आसनाचा मान मला माझ्या नकाशावाचनामुळे मिळाला आहे, अशी माझी समजूत होती.

जोशीमठास पोहोचल्यावर तेथील लोकांनी आमची मोटार खालीच ठेवण्याचा सल्ला दिला. वर नेणारा पोरसवदा ड्रायव्हर बर्फ लागताच जीपमधून उतरला, ओठांत बिडी तशीच ठेवून त्याने दोन्ही साखळ्या बांधल्या आणि परत येऊन बसला. आप्पा घड्याळ पाहत होते. "सहा मिनिटे," ते हळूच म्हणाले, आणि नंतर बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले.

वर औलीला ऊन पडले होते. समोर नंदादेवी, ७,८१६ मीटर, असे आप्पांनी वहीत पाच वर्षांपूर्वीच लिहून ठेवले होते. पण ती प्रत्यक्ष दिसली तेव्हा त्यांनी आकडा सांगितला नाही. उतारावर रंगीबेरंगी कपड्यांतील मुले पट्ट्यांची टोके जुळवून वेग आवरीत, पडत, पुन्हा उभी राहत होती. देवदारांच्या सावलीत वाटेवरचे बर्फ काचेसारखे कडक झाले होते, आणि मान वर करून शिखराकडे पाहत आप्पा नेमके तिकडेच निघाले.

"आप्पा," मी ओरडलो, "धरून चाला!"

"काय?" त्यांनी सवयीने विचारले, आणि त्यांचा हात वहीसाठी खिशाकडे गेला. तो मी वाटेतच पकडला.